पिवळे ठिपके शोधायला बसताय? आधी एवढं करा

भाऊ, बरेच रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर यंत्राची ओळख सांगणारे बारीक पिवळे ठिपके गुपचूप छापतात. ते शोधायला सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या दुकानातून रंगीत लेझर प्रिंट काढा, कागदावर भरपूर पांढरी जागा राहू द्या. रात्री खोलीत अंधार करून निळ्या एलईडीच्या उजेडात दहापट भिंगातून बघा. पिवळा ठिपका जेमतेम ०.१ मिलिमीटरचा असतो. साध्या उजेडात दिसत नाही, निळ्यात काळा दिसतो. तीच नक्षी पानभर पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तासभर उठलो नव्हतो!

२००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्राची १५ बाय ८ ठिपक्यांची जाळी उलगडली. तीत यंत्राचा अनुक्रमांक, तारीख आणि वेळ निघाली. तुमचं नाव त्यात नसतं, पण यंत्र कोणाचं हे कळलं की माणूस लांब राहत नाही.

नवखे इथे चुकतात:
- काळ्या-पांढऱ्या लेझरवर शोधत बसतात. तिथे पिवळी शाईच नसते.
- मोबाईलने फोटो काढतात, त्यात ठिपके पुसले जातात. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, जेपीईजी टाळा, फाईल लहान करताना त्यात बारीक ठिपके जातात.
- ठिपके दिसले नाहीत म्हणजे खूण नाही, असं धरून चालतात. दुसऱ्या प्रकारच्या खुणाही असू शकतात.

आणि एक मनापासून सांगतो. ठिपक्यांची काळजी करताना आधारची पीडीएफ दुकानाच्या कॉम्प्युटरवर सोडून येऊ नका. समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रिसायकल बिनसकट. चालत असेल तिथे मास्क्ड आधारच (पहिले आठ आकडे झाकलेलं) द्या.

नक्षी वाचायची कशी, ते नंतर. आधी ती दिसू द्या.