४×५ कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्र टिपताना
४×५ इंची फिल्मवर व्यक्तिचित्रे टिपायची असतील, तर भिंग २१० मिलिमीटरच्या आसपासचे घ्यावे. १५० मिलिमीटरने चेहरा भरून घ्यायचा तर फार जवळ जावे लागते आणि नाक मोठे दिसू लागते.

खरी कसोटी फोकसची असते. काळ्या कापडाखाली, कॅमेऱ्याच्या मागच्या, चित्र दिसणाऱ्या काचेवर लूप (छोटे भिंग) टेकवून, कॅमेऱ्याकडच्या डोळ्याच्या पापण्या स्पष्ट केल्यानंतर शटर बंद करणे, होल्डर (फिल्मची चपटी पेटी) सरकवणे आणि डार्क स्लाइड (फिल्मवरचे सरकते झाकण) काढणे यांत जो वेळ जातो, तेवढ्यात समोरची व्यक्ती नकळत दोन-तीन सेंटिमीटर पुढे झुकते आणि एफ/५.६ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र मोठे असताना, डोळे धूसर होऊन कानशिले स्पष्ट येतात. म्हणून पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्यावी, कॅमेऱ्यापासून हनुवटीपर्यंत दोरा ताणून अंतर पुन्हा जुळवावे, आणि प्रकाश पुरेसा असल्यास एफ/११ हे लहान छिद्र वापरावे. होल्डर बसल्यावर काचेवर काहीच दिसत नाही. तेव्हा बाजूला उभे राहून, त्या व्यक्तीशी बोलत, थेट चेहऱ्याकडे पाहत शटर दाबावे. मला या पद्धतीचे सर्वांत मोठे सुख यातच वाटते.

व्यक्ती भिंगापासून दीड मीटरवर असताना २१० मिलिमीटरच्या भिंगासाठी भाता (भिंग आणि फिल्म यांमधला घड्यांचा भाग) सुमारे २४४ मिलिमीटरपर्यंत ताणावा लागतो, त्यामुळे एक्स्पोजर (फिल्मला मिळणारा प्रकाश) साधारण अर्ध्या स्टॉपने वाढवावे; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश.