सहा वर्षं पडून असलेली मोअर घेऊ का?

प्रश्न : नमस्कार. मला एक जुनी, वर बसून चालवायची गवत कापायची मोअर मिळतेय. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, ८ एचपी. सहा वर्षं शेडमध्ये पडून आहे, मालक म्हणतात ठेवली तेव्हा चालू होती. हाताने फिरवलं तर इंजिन फिरतंय पण सुरू काही होत नाही. घ्यावी का?

उत्तर : इंजिन फिरतंय ना, मग सुरू होत नाही म्हणून घाबरू नका, इतकी वर्षं पडून राहिलेलं इंजिन बहुतेक वेळा पेट्रोलचा चिकटा धरल्याने नाहीतर पॉइंट (ठिणगी पाडायला उघडझाप करणारे संपर्क) गंजल्याने रुसलेलं असतं आणि ते घरी होण्यासारखं काम आहे. खरा खर्च असतो गिअरबॉक्स आणि डेकमध्ये (पात्यावरचं पत्र्याचं आवरण), आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. इंजिन बंद असतानाच एकेक गिअर टाकून गाडी ढकला. प्रत्येक गिअरमध्ये मागची चाकं अडली पाहिजेत, एखाद्यात दात सटकल्यासारखा कटकट आवाज आला तर मी तरी ती घेणार नाही. मग स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा (हे विसरायचं नाही, पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरू शकतं) आणि खाली वाकून पातं धरून वरखाली हलवा, लडबड जाणवली तर बेअरिंग गेलेत. ते बदलता येतात, पण डेकचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल तर मात्र सोडून द्या.

आणि हो, इंजिनच्या पत्र्यावर ठोकलेले नंबर वाचा. कोड ७६०४२०१२ असेल तर इंजिन १९७६ च्या २० एप्रिलचं. मॉडेल नंबरचे पहिले आकडे घनइंचात क्षमता सांगतात, १९ ने सुरू होत असेल तर १९ घनइंच म्हणजे तुमचं ८ एचपीचंच. पार्ट मागवताना हेच नंबर लागतात, म्हणून फोटो काढून ठेवा.

घेतलीत तर स्टार्टर मारत बसायच्या आधी इंजिनवरचं झाकण काढा. माझ्या एका इंजिनवर पंख्याखाली उंदराने चिंध्या आणि वाळलेल्या गवताचं घरटं इतकं गच्च भरलेलं होतं की हवेला वाटच नव्हती, तसंच चालवलं असतं तर सिलिंडर तापून बसलाच असता. मग तेल बदला, जुनं पेट्रोल पूर्ण काढा आणि ठिणगी बघा. जुन्या इंजिनात पॉइंट फ्लायव्हीलखाली (इंजिनच्या जड चाकाखाली) असतात, घासून स्वच्छ करा आणि उघडल्यावर त्यांच्यातली गॅप ०.०२० इंच ठेवा. कार्ब्युरेटरची वाटी खोलली की तळाशी तपकिरी राळ दिसेल. पितळी जेटमध्ये (पेट्रोल जायचं बारीक भोक) टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की पेट्रोल-हवेचं मिक्श्चर कायमचं बिघडतं, तांब्याच्या वायरीचा एक बारीक तंतू पुरतो.

प्रश्न : मी असंच सगळं केलं, मोअर मस्त सुरू झाली पण दहा-पंधरा मिनिटांनी धापा टाकत बंद पडते. थोड्या वेळाने परत चालू होते. कॉइल बदलू का?

उत्तर : थांबा, कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारं वेटोळं) लगेच नको. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा, आत हवा ओढल्याचा स्स्स आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. भोक साफ करा नाहीतर नवं झाकण लावा. आवाज आला नाही तर ती बंद पडताक्षणी, गरम असतानाच ठिणगी तपासा, पण टाकीचं झाकण लावून आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून. गरम असताना ठिणगी गायब आणि गार झाल्यावर हजर असं असेल तर मात्र कॉइल बदला.