घर, मुलं, स्वयंपाक सांभाळून मिक्स्ड मीडिया, म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, कापड असं सगळं वापरणं, कसं करता येईल?

वेगळी खोली आणि सलग चार तास मिळतील याची वाट बघू नका. उलट हा प्रकार घरकामाच्या मधेमधेच छान होतो कारण प्रत्येक थर वाळायला तसाही वेळ लागतो, म्हणजे कुकर लावायच्या आधी जेसो (रंगाआधी लावायचा पांढरा लेप) मारून ठेवायचा आणि जेवणं उरकली की वर कागद चिकटवायचे. चित्राचा खालचा कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, पातळ असला की ओला होऊन गुंडाळतो. बाकी सामान घरातच असतं, जुन्या लग्नपत्रिका, पेपर, साडीच्या फॉलचे तुकडे, किराण्याची यादीसुद्धा. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून कागदाच्या खाली आणि वरूनही ब्रशने लावा. एक मात्र पक्कं, ऑइल पेस्टल (तेलकट रंगखडू) सगळ्यात शेवटी, त्याच्यावर अ‍ॅक्रिलिक रंग धरतच नाही. पिकासोने १९१२ मध्ये चित्रावर मेणकापड चिकटवून कडेने दोरी लावली होती, तेव्हा घरातली वस्तू चित्रात घालायला अजिबात संकोच नको. आणि मुलांना लांब ठेवू नका हो, त्यांनी गिरगटलेल्या कागदांत जी मोकळी रेघ असते ती आपल्याला मुद्दाम काढता येत नाही, फक्त कागद फाडायच्या आधी त्यांना विचारा.