लॅपटॉपचं नंतर, आधी घरातला कापूस काढा

दिग्रस तालुक्यातून एका भाऊंचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो.

“सात एकर कोरडवाहू. पोरगा नववीत. आत्तेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी घरं बांधायचा खेळ) खेळते. त्यात शेडर टाकलं की पाणी खरंखुरं चमकते, झाडाची सावली पडते म्हणे. पण जुना लॅपटॉप अडकते. यवतमाळचा दुकानदार ग्राफिक्स कार्डवाला 85 हजारांत देते, 18 महिने विनाव्याज हप्ते. माझ्या नावावर होत नाही, तर घरचीच्या नावावर करून देतो म्हणाला. शेडर अन् टेक्स्चर टाकून द्यायचे 2,500 वेगळे. पोरगा म्हणते व्हिडिओ टाकून वर्षभरात पैसे वसूल करतो. पीककर्ज 1 लाख 80 हजार दोन वर्षं भरलं नाही, माफी होईनच. दोन्ही हंगाम कृषी केंद्राच्या उधारीवर काढले, महिन्याला शेकडा तीन. यंदाचे 70 हजार देणं आहे. सोयाबीन घरखर्चात गेलं, 22 क्विंटल कापूस घरात आहे, भाव वाढन. पोराच्या नावानं वर्षाला 36 हजारांची पॉलिसी आहे, चार हप्ते भरले. कर्जासोबत घ्यावीच लागते असं बँकेतले साहेब म्हणाले होते. तर लॅपटॉप घ्यावा काय?”

नाही. घेऊ नये.

त्या 2,500 चं आधी सांगतो, कारण त्याचा मला राग आला. शेडर आणि टेक्स्चर पॅक (ठोकळ्यांवरच्या चित्रांचे संच) बहुतेक फुकट मिळतात. खेळाच्या जावा आवृत्तीत ऑप्टिफाइन किंवा आयरिस हा जोडप्रोग्राम टाकायचा, वरून बीएसएल, कॉम्प्लिमेंटरी असलं एखादं शेडर उतरवायचं. पोरगं पंधरा मिनिटांत करेल. फोनवरही चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत तर 2025 पासून कंपनीनंच ‘व्हायब्रंट व्हिज्युअल्स’ फुकट दिलं आहे, झेपेल अशा फोनवरही चालतं.

जुना लॅपटॉप अडकतो तो का, हे पोराला हिशेबानं सांगा. मूळ खेळात ठोकळ्याची एक बाजू 16 गुणिले 16 ठिपक्यांची असते. 128 चं टेक्स्चर टाकलं की ठिपके 64 पट. वरून शेडर दर चित्राला सावली, धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब नव्यानं काढतं. तेव्हा 32 चा पॅक घ्यावा, शेडर हलक्या पायरीवर ठेवावं आणि दिसण्याचं अंतर 16 चंकवरून (चंक म्हणजे खेळातल्या जमिनीचा एक चौकोन) 8 वर आणावं. अंतर अर्धं केलं की काम जवळपास चौथाई होतं. एवढ्यानंही नाही चाललं, तर सावलीशिवाय खेळू द्या. घर बांधायला सावली लागत नाही.

आणि वसुलीचं. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचं पाहणं लागतं, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. त्यानंतर पैसे सुरू होतात, तेही चिल्लर. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून पावणेपाच हजारांचा.

आता तुम्ही जे विचारलंच नाही त्यावर येतो. दुकानदार हप्ते तुमच्या नावावर का करत नाही? हप्ते देणाऱ्या कंपनीला तुमच्या नावावरचं थकलेलं पीककर्ज पडद्यावर दिसत असणार म्हणून. आता घरच्या बाईंचं नाव तेवढं स्वच्छ उरलं आहे, ते लॅपटॉपसाठी अडकवू नका.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज जवळजवळ शून्यावर येतं. (नाव आपल्याच पापळच्या भाऊसाहेबांचं आणि सवलत सोडणारेही आपणच.) थकलं की सवलत गेली. तुम्ही दर लिहिला नाही, मी 12 टक्के धरतो. वर्षाला साडेएकवीस हजार. नवीन कर्ज मिळत नाही म्हणून कृषी केंद्राची उधारी, 70 हजारांवर आठ महिने धरले तर पावणेसतरा हजार. म्हणजे वर्षाचे 38 हजार, दोन वर्षांचे 76. भाऊ, लॅपटॉपचे पैसे तुम्ही भरून बसलात, फक्त तो घरी आला नाही.

माफी होईनच म्हणता. 2017 च्या माफीची मर्यादा दीड लाख होती. 2019 च्या महात्मा फुले योजनेची दोन लाख, आणि व्याजासह थकबाकी दोन लाखांवर गेलेला शेतकरी तिच्यात बसलाच नाही. तुमचे 1 लाख 80 हजार व्याज धरून सव्वादोन लाखांवर गेले. तेच माप पुन्हा लागलं, तर माफीची वाट पाहण्यानंच तुम्ही माफीबाहेर जाल. नियमित भरणाऱ्यांना त्याच योजनेत 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं होतं, हेही आठवा. माप या वेळी वेगळं निघेलही, मग मी चुकलो म्हणा. पण कृषी केंद्रवाला तोवर व्याज थांबवणार नाही.

पॉलिसी. कर्जासोबत विमा घ्यावाच लागतो असा कुठलाही नियम नाही. साहेबांनी टार्गेट पूर्ण केलं. त्यात विमा पोराचा, जो कमावत नाही. कमावता माणूस तुम्ही, आणि तुमच्या पत्रात तुमचा विमा कुठंच नाही. वय पन्नासच्या आत असेल, तर जीवन ज्योती योजनेत वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचं संरक्षण मिळतं, अपघाताचं सुरक्षा योजनेत 20 रुपयांत. ही दोन्ही याच आठवड्यात घ्या. पुढं मोठी टर्म पॉलिसी बघू. पोराची पॉलिसी मोडली तर भरलेल्याच्या निम्मे, म्हणजे 72 हजारांच्या आसपास हाती येतील. नुकसान आहे, मला दिसतं आहे. पण पाच-साडेपाच टक्के देणाऱ्या कागदासाठी शेकडा तीनचं, म्हणजे वर्षाला 36 टक्क्यांचं व्याज भरणं त्याहून महाग आहे.

कापूस 7,500 नं धरला तर 1 लाख 65 हजार. पॉलिसीचे मिळून 2 लाख 37 हजार. देणं बँकेचं सव्वादोन, कृषी केंद्राचं 87 हजार, एकूण 3 लाख 12 हजार. 75 हजार कमी पडतात. ते बाईंची हरकत नसेल तर बँकेच्या सोनेतारणातून घ्या, खासगी पेढीकडून नको. पॉलिसीचे वाचलेले 36 हजार दरवर्षी त्यातच भरायचे. आधी कृषी केंद्र मिटवा, मग बँक. बँकेत पैसे भरण्याआधी शाखेतून लेखी घ्या की खातं पूर्ण भरल्यावर येत्या खरिपाला नवीन पीककर्ज मिळेल. ‘तडजोडीत कमी भरून मिटवू’ असं कोणी म्हटलं तर थांबा, तसं मिटवलेलं खातं नव्या कर्जाला आडवं येऊ शकतं. नव्या कर्जातून बियाणं-खत रोखीनं आणायचं.

कापूस भावासाठी किती दिवस ठेवणार? घरात तो वाळून वजन घटतं, पिवळा पडतो, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळी. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भाव कापतात, 12 च्या वर घेतच नाहीत. दोन दिवस उन्हात पसरा आणि गाडी भरा. बँकेचं भरून झालं की बेबाकी दाखला हातात घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.