मीठ सोसणारे वेगळे, मिठावाचून अडणारे वेगळे

समुद्राच्या पाण्यातले मीठप्रेमी जिवाणू वेगळे करायचेत, २० टक्के मिठाच्या प्लेटवर (जिवाणू वाढवायचं माध्यम ओतलेल्या बशीवर) आठवडाभरात काही उगवलं नाही, आणि यांचा खरा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी प्लेटचं बघू. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण ३.५ टक्के. तिथले बहुतेक जिवाणू तेवढ्यालाच सरावलेले, २० टक्क्यांवर ते मान टाकणारच. ३, ८ आणि १५ टक्क्यांच्या प्लेट लावा. बिनमिठाचीही एक लावाच. तिच्यावर जो मजेत वाढतो तो मीठ नुसतं सोसतो, त्याला हॅलोफाइल, म्हणजे मीठप्रेमी, म्हणू नका. (प्रोजेक्ट रिपोर्टांत ही गल्लत सर्रास असते.) माध्यमात मॅग्नेशियमही हवं, नुसत्या सोडियम क्लोराइडवर भागत नाही. जास्त मिठाच्या प्लेट काही आठवडे ठेवाव्या लागतात, पण वाळू देऊ नका. लाल वसाहती दिसल्या तर त्या बहुधा आर्कियांच्या, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांच्या. सॅलिनिबॅक्टर रूबर हा लाल जिवाणू त्याला अपवाद.

उपयोगाचं म्हणाल तर माझी पसंती मध्यम मीठप्रेमींना, त्यातही हॅलोमोनास या जिवाणूंच्या प्रजातीला. बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी ओढलं जातं, म्हणून हॅलोमोनास इलाँगाटा आत एक्टोइन हे पाणी धरून ठेवणारं संयुग साठवतो. त्याला १० टक्के मिठात वाढवून एकदम ३ टक्क्यांत टाकलं की फुटू नये म्हणून तो एक्टोइन बाहेर सोडतो. पेशी जिवंतच असतात, पुन्हा खारवायच्या आणि पुन्हा काढायचं, गाय दोहावी तसं. हे एक्टोइन त्वचेच्या क्रीममध्ये आणि डोळ्यांच्या थेंबांत जातं. हॅलोमोनास ब्लूफेजेनेसिस जैवप्लास्टिक बनवतो, तेही माध्यम निर्जंतुक न करता, कारण खारट अल्कधर्मी माध्यमात बाकीच्यांचा टिकाव लागत नाही. मात्र स्टील गंजतं आणि खारट सांडपाण्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. प्रचारात हे कुणी सांगत नाही.

औषधांत सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका प्रसिद्ध. समुद्रतळाच्या गाळातल्या या जिवाणूपासून सॅलिनोस्पोरामाइड ए मिळालं. ते मॅरिझोमिब नावाने कर्करोगाच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, पण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.

एंझाइमांबाबत एकच. दुधाच्या प्लेटवर पारदर्शक कडं दिसलं म्हणून हुरळू नका, तसे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारे एंझाइम) ढीगभर मिळतात. तेच एंझाइम १५ टक्के मिठात किंवा सेंद्रिय द्रावकात किती टिकतं ते मोजा, आणि सोबत बिनमिठाचं मोजमापही द्या.