सहा इंची डॉब्सोनियन (हाताने वळवायच्या, आरशाच्या) दुर्बिणीतून गुरूचे पट्टे दिसतात, पण मोबाईलच्या फोटोत नुसता पांढरा गोळा येतो. काय करू?

सहा इंची डॉब्सोनियनमधून डोळ्यांना पट्टे दिसतात म्हणता, म्हणजे दुर्बीण ठीक आहे. घोळ मोबाईलचा आहे. भोवतीचा काळोख बघून तो आपणहून उजेड वाढवतो आणि गुरू पांढराफटक पडतो. स्क्रीनवर गुरूवर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की ब्राइटनेस खाली ओढत न्या आणि पट्टे उमटले की थांबा. गुरूचे चंद्र तेव्हा गायब होतील, होऊ देत. एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही नीट मिळणं कठीण.

दुसरं म्हणजे फोटो नको, व्हिडिओ घ्या. हवा सतत थरथरत असते, मधूनच क्षणभर स्थिरावते, आणि आपल्याला तेवढेच क्षण हवे असतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दीड मिनिटात २७०० होतात. ऑटोस्टॅकर्ट हे फुकट सॉफ्टवेअर त्यांची प्रतवारी लावून चांगल्या तेवढ्या एकावर एक रचतं. मी वरच्या दहा-पंधरा टक्केच ठेवतो. मग रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट्स (बारकावे ठळक करणारे स्लायडर) वापरून धार आणायची, पण हात आखडता ठेवून; कडेला पांढरी रेघ उमटली की अती झालं समजा. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपलीकडे ताणू नका. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बारकावे फासले जातात.

डॉब्सोनियनला ट्रॅकिंग (ग्रहामागे आपोआप वळत राहायची सोय) नसल्याचं फार मनावर घेऊ नका. गुरू एका कडेला ठेवून दुसरीकडे सरकू द्या, पीआयपीपी हे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये त्याला मधोमध आणून देतं. मोबाईल मात्र हातात धरू नका, आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) लावायचा होल्डर घ्याच.

गच्चीवरून बघत असाल तर स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री सोडत बसतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, जमलं तर मध्यरात्रीनंतर बसा, आणि शेजारच्या एसीच्या युनिटवरून तर बघूच नका. ग्रह जितका वर तितकी मधली हवा कमी. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीतला (सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला असतानाचा) गुरू महाराष्ट्रातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येणारा होता. फक्त अगदी डोक्यावर डॉब्सोनियन वळवणं म्हणजे वैताग, म्हणून तासभर आधी किंवा नंतर गाठलेला बरा.

शनीलाही हेच सगळं लागू, फक्त तो अंधुक असल्याने एक्स्पोजर वाढवावं लागेल. वेगळा प्लॅनेटरी कॅमेरा घ्यायची घाई नको. त्याआधी कॉलिमेशन, म्हणजे दुर्बिणीतल्या आरशांची जुळणी, तपासा, त्याला पैसे पडत नाहीत.