जाम झालेला सायलेन्सरचा नट घरी कसा काढावा? पान्याला पाइप घालून जोर लावला तर चालेल का?

नाही चालणार. पाइपचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो, कारण नेमका हाच सल्ला ऐकून मी बाबांच्या स्प्लेंडरच्या इंजिनाचं हेड खराब केलंय.

आमचं घर देवगडकडे, समुद्राला लागून. खाऱ्या वाऱ्यात उघड्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. सायलेन्सरचा बेंड हेडला बसतो तिथलं गॅस्केट (जोडातून धूर गळू नये म्हणून घालतात ती चकती) गेलं होतं, गाडी फटफट करायला लागली होती. दोनच नट, दहाच्या पान्याचे. एक सुटला, दुसरा हलेना. गणपतीला आलेले भावोजी म्हणाले, "अरे पाइप घाल पान्याला, जातोय कुठे!" नळाच्या पाइपचा हातभर तुकडा पडला होता, तो घातला.

नट फिरला. दोघांनाही वाटलं, सुटला. पण जाम नट सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि हाताला एकदम मोकळं लागतं. इथे आवाजच नव्हता. पाना मऊ लागत होता, ओली फांदी पिळावी तसा. पाव फेरा, अर्धा फेरा, आणि स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा ज्यावर नट बसतो, तो हेडच्या तोंडाशी सपाट तुटून नटासकट हातात आला. हाताला असं मऊ लागलं की त्याच क्षणी थांबायचं असतं.

मग मी तुटक्या स्टडला भोक पाडून ईझी-आउट (तुटका स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) फिरवला. तोही आत तुटला. तो इतका कडक की साधं ड्रिल त्यावरून घसरतं आणि बाजूचं मऊ ॲल्युमिनियम खातं. शेवटी हेड उतरवून लेथवाल्याकडे नेलं. त्याने कार्बाइडच्या बिटने तो तुकडा खाऊन काढला आणि भोक मोठं करून नवे आटे बसवले. बाबा पंधरा दिवस एसटीने कामावर गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

भावोजी अजून म्हणतात, स्टड सडलेलाच होता, तुटणारच होता. मला हे मान्य नाही. सहा मिलिमीटरच्या आट्यांना आवळायला १० न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो. १५ सेंटीमीटरच्या पान्याला दहा किलोचा जोर दिला की १५ होतात. पाइप घालून ४५ सेंटीमीटर केलेत तर तोच हात ४५ देतो. त्याला नवाकोरा स्टडसुद्धा पिळून तुटेल. पाना आखूड असतो तो उगाच नाही.

तुम्ही असं करा. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासून डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवा. सकाळी ते पुसून घ्या आणि छोट्या गॅस टॉर्चच्या ज्योतीने फक्त नट तापवा, स्टड नको. नट फुगतो, गंजाची पकड तडकते. सहा कोनी गोटीच (सॉकेट) वापरा, बारा कोनी रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. आधी किंचित आवळा, मग सोडवा, पुन्हा आवळा, असं मागेपुढे करत या. नसेलच ऐकत तर नट छन्नीने उभा फोडून काढा. नट काही रुपयांचा असतो, स्टड वाचला पाहिजे.

हे आधी सांगायला हवं होतं: टॉर्च पेटवण्यापूर्वी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा आणि कार्बोरेटरची नळी गळत नाही ना ते बघा. छन्नी मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि हे सगळं स्टडवरच्या नटापुरतं. ॲल्युमिनियममध्ये थेट घुसलेला बोल्ट असेल तर उलट, आजूबाजूचा भाग कोमट करायचा, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तिथे ज्योत लावू नका, इंजिन पाचेक मिनिटं चालवलंत तरी फरक पडतो.

परत बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा. मी तेव्हा लावलं होतं. गेल्या वर्षी पुन्हा गॅस्केट बदललं तेव्हा दोन्ही नट साध्या दहाच्या पान्याने सुटले, भावोजी समोर खुर्चीत बसलेले असताना.